ठासणीची गोळी आणि दयेचे गणित

सातपुड्याच्या जंगलांविषयी वाचणाऱ्याला कॅप्टन जेम्स फोर्साइथचे नाव कुठे ना कुठे भेटतेच. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचे १८७१ सालचे पुस्तक. पचमढी, महादेवाचे डोंगर, सालवने, गवे, गोंड आणि कोरकू यांच्याबद्दल इंग्रजीत लिहिलेल्या आरंभीच्या भरघोस पुस्तकांपैकी ते एक. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपने गोळा केलेली लिंगोची गोंडी कथाही फोर्साइथने त्यात इंग्रजी पद्यात घातली आहे. त्यामुळे मानववंशाचे अभ्यासक, वनाधिकारी आणि जंगलावर ललित लिहिणारे असे सगळेच त्या पुस्तकाकडे जातात.

याच माणसाने त्याआधी आठ वर्षे, वयाच्या पंचविशीत, एक छोटे पुस्तक लिहिले होते. ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे त्याचे नाव. ते १८६३ साली लंडनला निघाले आणि १८६७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. विषय काय, तर ठासणीच्या रायफलीत कोणती गोळी घालावी. साहित्याचा वाचक या पुस्तकाकडे ढुंकून पाहत नाही. ग्रंथालयाच्या यादीतही ते बंदुकांच्या कप्प्यात पडलेले असते. माझे म्हणणे असे आहे, की फोर्साइथच्या दोन पुस्तकांपैकी जनावराच्या मरणाचा गंभीरपणे विचार करणारे पुस्तक हे दुसरे, कोरडे पुस्तक आहे. आणि त्याच्या विचारातला दोषही त्याच्या वर्णनांत सापडत नाही, या कोरड्या हिशेबातच सापडतो.

मी शिकारी नाही, शस्त्रांचा जाणकारही नाही. बंदूक कधी खांद्याला लावलेली नाही. जुनी शिकारपुस्तके वाचायचा नाद मात्र तीस वर्षांचा आहे, आणि शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान अजून विसरलेलो नाही. या विषयाला एवढे भांडवल पुरते.

*

शिकारकथेची एक ठरलेली भाषा असते. बार होतो, जनावर जागच्या जागी कोसळते, मग शिंगांची मापे येतात. दुसरा प्रकार असा, की जनावर दचकते, पाय ओढत झाडीत शिरते, थोडे रक्त दिसते, पुढे माग तुटतो, अंधार पडतो आणि मंडळी तळावर परततात. पुढच्या परिच्छेदात जेवण असते. जे जनावर गेले ते कथेतूनही जाते. ते रात्रभर कुठे पडून राहिले, जबडा फुटलेला असेल तर किती दिवस उपाशी राहून मेले, हे सांगायची जबाबदारी कथेवर नसते. कारण मारलेल्या जनावरांच्या मोजणीत ते धरलेलेच नसते. एकोणिसाव्या शतकातल्या शिकारपुस्तकांत मिळालेल्या शिकारीचे आकडे असतात. हरवलेल्या घायाळांची यादी ठेवणारा लेखक विरळाच.

फोर्साइथचे गोळीवरचे पुस्तक याच न मोजलेल्या जनावरापासून सुरू होते, असे मी म्हणेन. तो तसे जाहीर करत नाही. पण दारू किती, नळीतला पीळ किती, गोळीचा आकार कसा, या त्याच्या प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. नेम धरणारा बरा असूनही जनावर घायाळ होऊन निसटते, ते का? यावर इतर लेखक नशिबाला, घाईला किंवा हाताशी असलेल्या शिकाऱ्याला बोल लावतात. फोर्साइथ बंदूक बनवणाऱ्याला आणि गोळीला जाब विचारतो.

आपल्याकडे ‘ह्यूमेन’ या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती खरी वाटत नाही. ‘हाल’ हा शब्द आपल्याकडे आहे. हाल न करता मारणे आणि हालहाल करून मारणे यांतला फरक खेड्यातला कोणीही माणूस सांगू शकतो. इंग्रजी शब्द मारणाऱ्याच्या माणुसकीकडे पाहतो, आपला शब्द मरणाऱ्याच्या देहाकडे. फोर्साइथचे हे पुस्तक इंग्रजीत असले तरी त्याचा रोख मराठी शब्दाच्या बाजूचा आहे.

*

आता बंदुकीकडे वळू. ठासणीच्या बंदुकीत सगळे काही तोंडाकडून जाते. मापून घेतलेली दारू नळीत ओतायची. गोल गोळी असेल तर ती चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत बसवून नळीच्या तोंडावर ठेवायची आणि गजाने तळापर्यंत ठासायची. मागे टोपी चढवायची, घोडा ओढायचा आणि मग चाप. (चरबी कशाची, हा प्रश्न १८५७ साली या देशात केवढा पेटला ते सांगायला नको. एन्फिल्डच्या काडतुसाला वंगण हवे होते ते याच कारणासाठी, गोळी नळीतून सुरळीत खाली जावी म्हणून.) दुसरा बार भरायला सरावलेल्या हातालाही अर्धा मिनिट तरी लागतो. दुनळी असली तर एक बार शिलकीत राहतो, एवढेच. म्हणून या बंदुकीत चूक निस्तरायची सोय फार कमी. हाल टाळायचे असतील तर ते जंगलात शिरण्याआधी, घरी साच्यात शिसे ओततानाच टाळावे लागतात.

त्या काळी गोळीचे दोन पक्ष होते. एक गोल गोळीचा, जुना. दुसरा लांबट, टोकदार गोळीचा. फ्रान्सात मिनिएची गोळी आली, मागोमाग ब्रिटिश सैन्याने १८५३ ची एन्फिल्ड घेतली, आणि लांबट गोळी म्हणजे प्रगती असे समीकरण ठरून गेले. सैन्याच्या दृष्टीने ते बरोबरही होते. लांबट गोळी हवेत वेग टिकवते, दूरवर जाते आणि सहाशे यार्डांवरच्या पलटणीत कुठेतरी लागते. तिथे कुठे लागली याला फारसे महत्त्व नसते. इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांनी हीच गोळी शिकाऱ्यांनाही विकली.

याच काळात सिंधमध्ये मुंबई लष्कराच्या जनरल जॉन जेकबने जेकोबाबादच्या माळावर हजार-हजार यार्डांच्या पल्ल्यासाठी चार खाचांची रायफल आणि स्फोटक गोळी यांचे प्रयोग केले. १८५८ मध्ये तो वारला, पण दूरच्या पल्ल्याची भुरळ मागे राहिली. आपल्या शिकारपुस्तकांत ती अजून टिकून आहे.

फोर्साइथचा आक्षेप साधा होता. जंगलातले हरीण सहाशे यार्डांवर दिसतच नाही. सालवनात किंवा बांबूच्या बेटात सांबर दिसते ते शंभर यार्डांच्या आतबाहेर, चितळ त्याहूनही जवळ. तिथे गोळी किती दूर जाते हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे ती किती सरळ जाते आणि पोचल्यावर काय करते हा.

‘सरळ’ या शब्दात सगळे गुंतलेले आहे, म्हणून मी स्वतः गणित मांडून पाहिले. सेकंदाला १,२०० फूट वेगाने निघालेली गोळी १०० यार्डांवर पोचेपर्यंत एक फुटाहून थोडी अधिक खाली येते. १५० यार्डांवर पोचेतो ती अडीच फुटांहून जास्त खाली आलेली असते. समजा रायफलीची माशी १०० यार्डांसाठी बसवली आहे आणि शिकाऱ्याला चितळ १०० यार्डांवर आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात ते १५० वर आहे. उन्हासावलीच्या जंगलात अशी चूक कोणाचीही होते. तेव्हा गोळी नेमाच्या जागेपासून जवळजवळ अकरा इंच खाली लागेल. चितळाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून जी जागा असते ती सात-आठ इंचांची. छातीच्या मध्यावर धरलेला नेम अकरा इंच खाली गेला की बरगड्यांखालचा पाय मोडतो. हरीण तीन पायांवर पळून जाते. नेमबाज पट्टीचा, बंदूक उत्तम, हात स्थिर, आणि तरीही हा प्रकार. चूक पन्नास यार्डांच्या अंदाजाची असते, ती भोगावी मात्र हरणाला लागते.

यावरचा उपाय म्हणजे वेग वाढवणे, आणि वेग हवा तर दारू जास्त हवी. इथे नळीतल्या पिळाचा प्रश्न येतो. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्या गोळीला गिरकी देतात आणि गिरकीमुळे गोळी सरळ राहते. लांबट गोळीला जोराची गिरकी लागते, नाहीतर ती हवेत कोलांटते. व्हिटवर्थच्या प्रसिद्ध रायफलीत वीस इंचांत एक पूर्ण फेरा होता. गोल गोळीला कोलांटायला पुढचे-मागचे टोकच नसते, तिला थोडी गिरकी पुरते. पण बंदूकवाल्यांनी गोल गोळीच्या नळ्यांनाही घट्ट पीळ दिला. परिणाम असा, की दारू वाढवली की गोळी खाचा सोडून सरळ पुढे घसरायची आणि नेम बिघडायचा. म्हणून दारू कमी घालायची, म्हणून वेग कमी, म्हणून वक्र मार्ग, म्हणून घायाळ जनावर. ही कार्यकारणाची साखळी फोर्साइथने ज्या चिकाटीने उलगडली आहे ती मला त्या पुस्तकातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्याने सुचवलेला पीळ होता १०४ इंचांत एक फेरा, म्हणजे आठ फूट आठ इंच. नळी सव्वीस इंचांची धरली तर गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम पाव फेरा घेते. खाचा उथळ आणि रुंद. त्यामुळे दारू भरपूर घालता येते आणि शिकारीच्या पल्ल्यात गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाते.

गोळीचा आकार हा त्याचा दुसरा मुद्दा. त्या काळी नळीचे माप एका पौंड शिशात किती गोळ्या होतात त्यावरून सांगत. चौदा बोअर म्हणजे पौंडात चौदा गोळ्या. एक गोळी ५०० ग्रेन, आपल्या हिशेबाने ३२ ग्रॅम, आणि व्यास साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास. खेळातल्या काचेच्या गोटीपेक्षा किंचित मोठी, पण शिशाची. आज अमेरिकेत ठासणीने हरणाची शिकार करणारे लोक बहुधा .५० मापाची गोल गोळी वापरतात, तिचे वजन सुमारे १७७ ग्रेन. दोन्ही गोळ्यांचे व्यास पाहिले तर दीडपटीचाही फरक नाही, पण वजनात पावणेतीनपटीहून अधिक फरक पडतो. गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाने वाढते, हे नववीच्या पुस्तकात आहे. हवेला भिडणारी बाजू मात्र वर्गानेच वाढते, म्हणून मोठा गोळा वेग जास्त टिकवतो. लहान गोल गोळी शंभर यार्डांत आपली निम्म्याहून अधिक शक्ती घालवून बसते.

यात एक गोष्ट अशी आहे जी लांबट गोळीत नाही. लांबट गोळी जड करायची तर ती लांब करता येते, रुंदी तीच राहते. गोल गोळी जड करायला ती रुंदच करावी लागते. म्हणजे वजनाबरोबर जखमही रुंदावते. वेग, धातू, टोक काहीही असो, गोळी आत शिरतानाच पाऊण इंचाच्या जवळपास वाट पाडते. टणक लांबट गोळी फुप्फुसातून बारीक भोक पाडून पलीकडे गेली तर हरीण कित्येकदा काही न झाल्यासारखे धावते. ते मरते, पण कुठे मरते ते कळत नाही.

*

हरीण कशाने मरते? जुन्या पुस्तकांत ‘धक्का’ हा शब्द फार सैल वापरला आहे. फोर्साइथही त्यातून सुटलेला नाही. मोठ्या गोळीने जनावर धक्क्याने कोसळते, असा त्या काळचा समज होता. खरे तर छातीवर लागलेल्या गोळीने जनावर मरते ते रक्तस्रावाने. मेंदूला रक्त पोचायचे थांबते आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. दोन्ही फुप्फुसे फाटलेले हरीणही पन्नास-शंभर यार्ड धावू शकते आणि मग पडते. मेंदू किंवा मानेचा मणका फुटला तरच ते जागच्या जागी बसते. पण ते लक्ष्य लहान, सतत हलणारे, आणि नेम थोडा चुकला तर जबडा फुटणारे. पोटात लागलेली गोळी सर्वांत वाईट. मरण तासांनी मोजायचे, कधी दिवसांनी. म्हणून गोळीची निवड ही छातीची रुंद जागा गृहीत धरूनच करावी लागते. तिथे लागली तर पुरेशी वाट पाडेल, मध्ये खांद्याचे हाड आले तर ते मोडून आत पोचेल, आणि सरळ जाईल म्हणजे तिथेच लागेल. ‘धक्का’ शब्द गाळला तरी फोर्साइथचे गणित उभे राहते. त्याचा शरीरशास्त्राचा पाया कच्चा होता, पण निष्कर्ष हाडामांसाच्या अनुभवातून आलेला होता.

शिसे किती मऊ असावे, यावरही त्या पिढीचे वाद आहेत. हरणासाठी शुद्ध मऊ शिसे, ते लागताच पसरते. गवा किंवा हत्तीसाठी कथील मिसळून टणक केलेले, म्हणजे ते जाड कातडी आणि हाड भेदते. सॅम्युअल बेकर, ज्याने १८५४ मध्ये सिलोनच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, त्याने आयुष्याच्या अखेरीस १८९० च्या पुस्तकात मऊ शिशाच्या भरीव गोळीची बाजू मांडली. त्याच्या मते गोळी चपटी होऊन पलीकडच्या कातडीखाली अडकावी, म्हणजे तिची सगळी शक्ती देहातच खर्च होते. मला यात एक अडचण दिसते. गोळी आरपार गेली तर दोन जखमा होतात आणि रक्ताचा माग ठळक पडतो. दाट झाडीत शेवटी जनावर सापडते ते त्या मागावरूनच. बेकर मोकळ्या जागी बसून विचार करतो, फोर्साइथ बांबूच्या बेटात उभा राहून. इथे मी फोर्साइथच्या बाजूचा आहे.

*

इथवर मी त्याची वकिली केली. आता त्याच्या पुस्तकातली फट.

फोर्साइथ मोठ्या जनावरांसाठी स्फोटक गोळ्यांचाही पुरस्कार करतो. आत दारू भरलेली, लागताच फुटणारी गोळी. उद्देश तोच, मरण लवकर यावे. या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली १८६७ साली. पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग इथे युरोपीय सत्तांनी एक जाहीरनामा केला. ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा स्फोटक गोळा युद्धात वापरायचा नाही. कारण असे दिले, की शत्रूचा सैनिक लढण्यास असमर्थ झाला म्हणजे पुरे, त्याचे हाल वाढवणारे किंवा मृत्यू अटळ करणारे शस्त्र माणुसकीला धरून नाही. ब्रिटनने त्यावर सही केली.

म्हणजे एकाच गोळीबद्दल, एकाच दशकात, माणुसकीच्याच नावाने दोन उलटे निकाल लागले. सैनिकासाठी ती क्रूर, कारण ती मृत्यू अटळ करते. हरणासाठी आणि गव्यासाठी ती दयाळू, कारण ती मृत्यू अटळ करते. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत, हे मला आधी मान्य केले पाहिजे. सैनिकाला दवाखाना असतो, हरणाला नसतो. जखमी करून सोडणे ही युद्धातली दया आहे आणि शिकारीतला अपराध. ब्रिटनच्या १९९१ च्या हरीण कायद्यात तर रायफलीची गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच असली पाहिजे अशी सक्ती आहे. पसरणारी गोळी माणसावर झाडणे निषिद्ध, हरणावर न झाडणे निषिद्ध. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण त्यात विसंगती नाही.

विसंगती आहे ती मधल्या जागेत. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोक उघडे ठेवलेली, देहात पसरणारी गोळी तयार झाली आणि वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांत ती वापरली गेली. १८९९ मध्ये हेग इथे या गोळीवर बंदी घालायचा ठराव आला, तेव्हा ब्रिटनचे लष्करी प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा, की सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की बाजूला होतो, रानटी माणूस मात्र भोके पडली तरी धावून येतो, त्याला साधी गोळी थांबवत नाही. हा युक्तिवाद वाचताना मला तीस वर्षे वाचलेली शिकारपुस्तके आठवतात. धावून येणारा देह, बारीक भोक पाडून जाणारी गोळी, ‘थांबवणारी’ गोळी. शब्द न शब्द शिकारीतला आहे, लक्ष्य तेवढे बदलले. हरणाचे हाल टाळण्यासाठी घडलेली भाषा पठाणावर चालवली गेली, आणि जी दया त्या भाषेत होती ती वाटेत गळून पडली. ठराव अखेर संमत झाला, पण तो बांधील होता करार करणाऱ्या सत्तांच्या आपसातल्या युद्धापुरताच. सरहद्दीवरचे टोळीवाले कुठल्या करारात होते?

याचा दोष फोर्साइथवर टाकणे अन्यायाचे होईल. १८७१ च्या मे महिन्यात तो वारला, पस्तिशीही गाठली नव्हती. पण त्याच्या पुस्तकात एक गृहीत आहे ज्यामुळे हे घडू शकते. त्याच्या हिशेबात अंतर दिलेले असते. जनावर तिथे आहे, मी इथे आहे, मधली जागा गोळीने भरून काढायची. म्हणून दया म्हणजे वेग आणि वजन. अंतर पायी चालून कमी करता येते, किंवा बसून वाट पाहून, हे पर्याय त्याच्या गणितात चल म्हणून येतच नाहीत.

ते पर्याय त्याच्याच जंगलात रोज वापरले जात होते. त्या काळच्या गावशिकाऱ्याकडे तोड्याची बंदूक असे. गुळगुळीत नळी, खाचा नाहीत, ओबडधोबड गोळी, बेभरवशाची दारू. तो पाणवठ्यावर किंवा चाटणावर आडोसा करून रात्ररात्र बसायचा आणि पंधरा-वीस पावलांवरून बार काढायचा. साहेबी शिकारपुस्तकांत या पद्धतीची यथेच्छ निंदा आहे. ही शिकार नव्हे, खाटीकपणा. पाण्याला आलेल्या जनावराला मारणे हे खिलाडूपणाचे नाही. पण वीस पावलांवर अंदाज चुकून किती चुकणार? वक्र मार्गाचा, पिळाचा, दारूच्या ड्रॅमांचा प्रश्नच उरत नाही. हरणाला खिलाडूपणाशी काही देणेघेणे नसते. हालांच्या मापाने मोजले तर पाणवठ्यावरचा बार दीडशे यार्डांवरच्या उमद्या बारापेक्षा बरा ठरू शकतो.

मी ‘ठरू शकतो’ म्हणतो, ‘ठरतो’ म्हणत नाही. गावशिकाऱ्याला देवत्व द्यायची आजकाल जी फॅशन आहे तिच्यात मला सामील व्हायचे नाही. शिसे महाग पडले की नळीत लोखंडाचे तुकडे आणि छर्रेही जात. त्यांनी पाय आणि पोटे फोडलेली जनावरे जंगलात मरत असणार, आणि त्यांची मोजणी त्यानेही ठेवलेली नाही. शिवाय रोज मारणाऱ्याच्या हातून एकूण जनावरे किती जातात हा प्रश्न वेगळा आहे, तो हालांच्या हिशेबात बसत नाही. माझा मुद्दा एवढाच, की गोळीवर उभा ग्रंथ लिहिणाऱ्या या बुद्धिमान माणसाने शेजारी बसलेल्या माणसाचे उत्तर तपासून पाहिले नाही. पचमढीच्या वाटेवर ज्यांनी त्याला माग दाखवला त्यांचे कौतुक तो दुसऱ्या पुस्तकात मनापासून करतो. पण ते कौतुक डोळ्यांचे आणि पायांचे आहे. बंदुकीबद्दल त्यांना काही कळत असेल, असे त्याच्या मनात येत नाही.

*

ठासणीची शिकार आज जिवंत आहे ती मुख्यतः अमेरिकेत. तिथल्या राज्यांत हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम ठासणीवाल्यांसाठी राखलेला असतो. मूळ कल्पना अशी, की जुन्या पद्धतीची बंदूक घ्या, जवळ जा, एकच बार काढा. १९८५ मध्ये टोनी नाइटची एमके-८५ नावाची रायफल बाजारात आली आणि चित्र बदलले. टोपी मागे सरळ रेषेत, घट्ट पीळ, प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसवलेली बारीक लांबट गोळी, वर दुर्बीण. ठासणी तेवढी उरली. शिकारीच्या नियतकालिकांत आता या गोळ्यांचे लेख येतात ते दोनशे यार्डांच्या पुढचे. १८५० च्या दशकातल्या लंडनच्या बंदूकवाल्यांनी ते आनंदाने छापले असते.

मला रस आहे तो यावर काही राज्यांनी घातलेल्या नियमांत. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली गोळी चालत नाही. हरणासाठी नळीचे माप किमान .४०, एल्कसाठी किमान .५०. म्हणजे कायदा दोन बाजूंनी बोलतो. गोळी अमुक इतकी रुंद हवी हे फोर्साइथचे म्हणणे, आणि दुर्बीण काढून ठेवा म्हणजे तुम्हाला जवळ जावेच लागेल हे पाणवठ्यावरच्या माणसाचे. दोघांची गाठ तिथे एका सरकारी पत्रकात पडली आहे.

शिशावर मात्र नवा आक्षेप आला आहे आणि तो दोघांनाही सुचला नसता. मऊ शिसे पसरताना त्याचे बारीक कण मांसात विखुरतात. शिकाऱ्याने टाकून दिलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांना ते मारतात. कॅलिफोर्नियात काँडोर वाचवण्यासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरायला बंदी आहे. पर्याय तांब्याचा. पण तांबे टणक. ते उघडायला वेग लागतो, आणि ठासणीत वेगच बेताचा. गोल गोळीची मातब्बरी ही, की तिला उघडावे लागत नाही, ती मुळातच रुंद असते. ती तांब्याची केली तर त्याच मापात वजनाला बरीच हलकी होईल आणि वेग लवकर घालवेल. फोर्साइथच्या गणितात आता मेलेल्या हरणानंतरच्या गिधाडासाठीही एक रकाना हवा.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाच्या शिकारीचा प्रश्न संपवला. चोरटी शिकार संपलेली नाही, पण ती वेगळी गोष्ट. ठासणीच्या बंदुका मात्र गेल्या नाहीत. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर त्या अजून घराघरांत आहेत, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत येतात. रानडुकराने भात लोळवले म्हणून ओरड होते, परवानगीचे कागद फिरतात, डुकरे मारावीत की नाही यावर दोन्ही बाजूंनी अग्रलेख पडतात. पण मारायचेच ठरले तर कशाने, किती अंतरावरून, कोणत्या गोळीने, हा प्रश्न त्या चर्चेत मी अजून एकदाही वाचलेला नाही. प्राणिमित्रांना तो विचारणे म्हणजे मारण्याला होकार देणे वाटते, आणि शेतकऱ्याला तो चोचला वाटतो. डुकराच्या खांद्यावरची जाड कातडी आणि चरबी बारीक छर्रे अडवते. छर्ऱ्यांनी घायाळ झालेले डुक्कर बांधाआड जाते आणि पुढे कोणाच्या समोर येते हे तिथल्या माणसांना ठाऊक आहे.

फोर्साइथच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापून झाली तेव्हा मागून भरायच्या बंदुका सैन्यात येऊन दाखल झाल्या होत्या. त्याच्यामागून त्यांनी शिकारही व्यापली आणि पुस्तक जुने ठरले. अमेरिकेतले गोल गोळीवाले मात्र अजून त्याचा दाखला देतात. मोठ्या मापाची नळी मागवताना ते कारागिराला पीळ सांगतात, १०४ इंचांत एक, आणि त्याला फोर्साइथचा पीळ म्हणतात. पचमढीत त्याने ज्या घराला बायसन लॉज नाव दिले ते अजून उभे आहे. तिथे येणाऱ्या पर्यटकाला तो जंगलावर लिहिणारा साहेब म्हणून ओळखीचा असतो.